शून्याच्या खालचा काटा

इन्स्ट्रुमेंट विभागात नवीन माणूस रुजू झाला की त्याला आधी मच्छिंद्रकडे पाठवायचं, ही त्या साखर कारखान्यातली जुनी रीत होती. माणूस डिप्लोमा करून आलेला असो की आयटीआय, त्याला सांगितलं जायचं, जा, मच्छिंद्रला विचारून ये, सिग्नल चारापासून का सुरू होतो. तो जायचा. मच्छिंद्र हातातलं काम बाजूला ठेवायचा, बोटांचं तेल चिंधीला पुसायचा आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. नवीन माणूस ती ऐकून परत यायचा आणि दार लागलं की सगळे हसायचे. त्या हसण्यात सामील झाला की तो माणूस विभागातला झाला असं धरलं जायचं.

मच्छिंद्रला वाटायचं, आपल्याला मान आहे म्हणून पाठवतात.

प्रश्न तसा खरा होता. टाकीत रस किती आहे, बॉयलरमध्ये पाणी किती आहे, हे कंट्रोल रूममध्ये बसून कळावं म्हणून तिथपर्यंत तारेतून थोडासा विद्युतप्रवाह येतो. टाकी रिकामी असेल तर चार मिलिअँपिअर, भरली असेल तर वीस. शून्य ते वीस असं सरळ का नाही ठेवलं, असं कुणाच्याही मनात येईल. विजेच्या आधी हेच काम हवेवर चालायचं. तांब्याच्या बारीक नळीतून दाबाची हवा पॅनलवर यायची आणि काटा हलवायची. रिकाम्या टाकीला तीन पौंड, भरलेल्या टाकीला पंधरा पौंड. तिथेही सुरुवात शून्यापासून नव्हतीच.

मच्छिंद्रची गोष्ट या तीन पौंडांची होती, म्हणजे त्याच्या बापाची होती.

बाप रंगनाथ, गरम रसाच्या टाक्यांवर हेल्पर. मच्छिंद्र काष्टीच्या शाळेत होता तेव्हा एका हंगामात ती टाकी भरून वाहिली आणि उकळता रस खाली जाळी साफ करायच्या कामावर असलेल्या रंगनाथच्या अंगावर पडला. दोन दिवस तो जिवंत होता. हवेची नळी निसटली होती, हे नंतर कळलं. पॅनलवर सोन्याबापू नावाचा माणूस बसला होता. काटा पार खाली पडलेला बघून त्याला वाटलं टाकी रिकामी आहे, म्हणून त्यानं पंप चालूच ठेवला. 'काटा पार खाली पडला होता, मी रिकामी समजलो,' हे त्याचं वाक्य कारखान्यात कितीतरी वर्षं सगळ्यांना पाठ होतं. तरी चौकशीत ठरलं ते असं की रंगनाथ टाकीखाली झोपला होता. जागा असता तर रस वाहताना दिसला असता, त्यानं आरोळी दिली असती. त्याला झोपलेलं कुणी पाहिलं होतं की नाही, हे आता सांगता येणार नाही. पण तो शब्द चिकटला. मच्छिंद्र मोठा होऊन त्याच कारखान्यात लागला तेव्हा त्याची ओळख 'झोपल्याचा पोरगा' अशीच करून दिली गेली.

मग मार्तंड कुलकर्णी आले. तेव्हा ते कनिष्ठ इंजिनिअर होते, नगरहून नवीनच आलेले, वाचणारे, गप्पिष्ट. हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या दिवसांत दुपारी काम थंड असायचं. अशाच एका दुपारी मच्छिंद्रनं त्यांना विचारलं, साहेब, हे तीनापासूनच का? कुलकर्णींनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं की ते तुझ्या वडिलांमुळे.

ते म्हणाले, आधी जगात सगळीकडे शून्यापासूनच होतं. टाकी रिकामी झाली तरी काटा शून्यावर, नळी तुटली तरी काटा शून्यावर, फरक कळायचाच नाही. तुझे वडील गेल्यावर यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा जर्मन साहेब चौकशीला आला. तो टाकीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, हा माणूस शून्यामुळे मेला. यापुढे रिकामी म्हणजे तीन. त्याच्या खाली काटा गेला तर समजायचं की नळी तुटली. त्यानं तसं जर्मनीला कळवलं, तिथून ते सगळ्या जगात गेलं. नंतर वीज आली तरी तोच हिशोब राहिला, तिनाच्या जागी चार.

आजूबाजूला बसलेल्या कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हसले ते मच्छिंद्र घरी गेल्यावर.

कुलकर्णी त्या वेळी दुष्टपणा करायला बसले होते असं म्हणता येणार नाही. त्यांना ते सुचलं, आणि सुचलेलं चांगलं वठलं. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र पेढे घेऊन आला तेव्हा खरं सांगायची एक वेळ होती. पेढे सगळ्यांनी खाल्ले.

ही गोष्ट काष्टीत पोचली. मच्छिंद्रची आई साळूबाई नवरा गेल्यापासून मान खाली घालून बाजाराला जायची. ती आता मान वर करून जाऊ लागली. तिला पौंड कळत नव्हते, मिलिअँपिअर तर नाहीच. पण अमेरिकेतल्या कारखान्यात देखील काटा आपल्या मालकामुळे तिनावर थांबतो, एवढं तिला कळलं होतं आणि ती ते भाजीवालीला सुद्धा सांगायची. दुसरं एक झालं. सोन्याबापूची बायको दगडाबाई शेजारच्याच आळीत राहायची. अपघातानंतर दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. गोष्टीनं तोही गुंता सोडवला. चूक ना झोपलेल्याची, ना पॅनलवाल्याची, चूक शून्याची. पुढे सोन्याबापू पॅनलवर बसलेला असतानाच हार्ट अटॅकनं गेला, दगडाबाईही एकटी झाली, आणि रोज संध्याकाळी ती साळूबाईच्या ओट्यावर येऊन बसू लागली. दोघींचे डोळे अधू झालेले. उठताना साळूबाई तिला हात द्यायची, कारण ओट्याच्या पायऱ्या उंच होत्या.

यंदा कारखान्यानं नवीन कंट्रोल रूम बांधली. जुना पॅनल भंगारात काढला. दसऱ्याला बॉयलर पेटवण्याच्या कार्यक्रमात तिचं उद्घाटन व्हायचं होतं आणि त्याच वेळी दारात एक काळा दगड बसवायचा होता. कामावर असताना जे वारले त्यांची नावं त्यावर कोरायची होती. सोन्याबापूचं नाव त्यात होतं. रंगनाथचं नव्हतं, कारण चौकशीप्रमाणे तो स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला होता.

साळूबाईनं हे ऐकलं आणि मुलाला एवढंच सांगितलं, "मी मरायच्या आत त्येचं नाव दगडावर बघू दे. डोळ्यानं न्हाई दिसलं तर बोटानं बघंन."

मच्छिंद्रला ते अवघड वाटलं नाही. ज्याच्यामुळे जगाचं तीन झालं त्याचं नाव दगडावर घ्यायला कोण नाही म्हणेल? तो कुलकर्णींकडे गेला. कुलकर्णी आता चीफ इंजिनिअर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि 'बघू' म्हणाले. नंतर तीन-चारदा त्यानं आठवण केली तेव्हाही 'बघू' म्हणाले. मच्छिंद्रनं घरी जाऊन सांगितलं की साहेब बघतायत.

ऑगस्टमध्ये रुपाली रुजू झाली. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी, वर्षभर उमेदवारीवर, मग कायम. तिलाही रीतीप्रमाणे मच्छिंद्रकडे पाठवलं गेलं. तिनं गोष्ट ऐकली आणि ती परत हसायला गेली नाही. तिथेच स्टुलावर बसली आणि बोलू का नको अशा आवाजात म्हणाली, "काका, पण तीन-पंधरा आपला कारखाना उभा राहायच्या कितीतरी आधीपासून आहे."

तो म्हणाला, असं कसं, कुलकर्णी साहेबांनी सांगितलंय.

मग तिनं तिला ठाऊक होतं ते सांगितलं. परदेशात तेलाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत सगळं हवेवर चालायचं तेव्हाचं हे माप. हवा सोडणारं एक बारीक तोंड असतं आणि त्यासमोर एक पातळ पट्टी. पट्टी जवळ गेली की दाब वाढतो, लांब गेली की कमी होतो. पण दाब अगदीच शून्याजवळ आला की हे उपकरण नीट चालत नाही, खरं सांगत नाही. म्हणून खालचा तुकडा सोडून दिला. शिवाय नळी तुटली तर काटा रेघेच्या खाली जातो, हा फायदा मिळाला. वीज आल्यावर तेच प्रमाण उचललं. पंधराचा पाचवा भाग तीन, विसाचा पाचवा भाग चार. आणि त्या चारावरच टाकीवरचं उपकरण जिवंत राहतं, त्याला वीज द्यायला वेगळी तार लागत नाही. पहिल्यांदा नेमकं कुणी ठरवलं याबद्दल पुस्तकांत एकमत नाही, असंही ती म्हणाली. पण एका माणसामुळे झालं, असं तिनं कुठे वाचलं नव्हतं.

मच्छिंद्रनं वाद घातला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो भंगाराच्या ढिगाकडे गेला. जुना पॅनल तिथे उताणा पडला होता. गरम रसाच्या टाकीचा डायल त्यानं हातानं पुसला. शून्याची रेघ, म्हणजे रिकाम्या टाकीची, तिच्या खाली काटा टेकायची छोटी खीळ, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तीन ते पंधरा पौंड. त्याखाली बनवल्याचं साल ठोकलेलं होतं. कारखाना उभा राहिला ते साल. बापाच्या मरणाच्या आधीचं.

तो डायल त्यानं आयुष्यात कितीदा पुसला असेल. साल कधी वाचलं नव्हतं. वाचायची गरजच पडली नव्हती.

तो बराच वेळ उन्हात उकिडवा बसून राहिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. बाप मेला तेव्हा तीन होतंच. म्हणजे टाकी खरंच रिकामी असती तर काटा रेघेवर थांबला असता. पण सोन्याबापू स्वतः म्हणाला होता, काटा पार खाली पडला होता. पार खाली म्हणजे खिळीवर. खिळीवर म्हणजे नळी तुटली. पॅनलवर बसणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. बाप झोपला असो की जागा असो, पंप बंद करणं त्याच्या हातात नव्हतं. ते सोन्याबापूच्या हातात होतं.

मोबाइलवर डायलचा फोटो काढून तो पळत रुपालीकडे आला. तिनं डायलचा फोटो पाहिला, सोन्याबापूचं वाक्य दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "हो काका. बरोबर आहे तुमचं. याला दुसरा अर्थच नाही."

जगाचं तीन हातातून गेलं होतं, पण त्याबदल्यात जे मिळालं होतं ते त्याला जास्त वजनदार वाटलं. कुलकर्णी साहेबांची कुठेतरी ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्यानं धरलं. दगडाबाईचा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. ती रोज आईजवळ बसते. पण दगडावर नाव यायचं तर हे बोलावंच लागणार होतं.

संधी आठवड्याभरात आली. भागवतअण्णा नावाचे संचालक नवीन कंट्रोल रूम बघायला आले. दगडाचं काम त्यांच्याकडेच होतं. कुलकर्णींच्या केबिनमध्ये चहा झाला. अण्णांना कंटाळा आला असावा. ते म्हणाले की तुमच्याकडं तो तीन पौंडवाला हाय ना, त्याला बोलवा, लई दिवस झालं ऐकून. कुलकर्णी 'कशाला आता' असं पुटपुटले, पण त्यांनी बोलावू दिलं. मच्छिंद्र आला. फिटर, पॅनलवर बसणारे, दोन-तीन क्लार्क दाराशी जमले. रुपाली खिडकीपाशी उभी होती.

मच्छिंद्रनं टोपी नीट केली. तो म्हणाला की अण्णा, आज मी दुसरंच सांगणार हाय. आणि त्यानं सांगितलं. जसं उन्हात बसून जुळवलं होतं तसं, पायरीपायरीनं. रेघ, खीळ, डायलवरचं साल, सोन्याबापूचं वाक्य. बोलताना तो हातानं काटा दाखवत होता, तर्जनी वर, मग आडवी, मग खाली. शेवटी म्हणाला, "माझा बाप झोपला व्हता का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पर त्यो झोपंनं मेला न्हाई. दगडावर त्याचं नाव घ्या, एवढंच मागनं हाय."

सगळे अजून पुढच्याची वाट बघत होते.

अण्णा पुढे झुकले. "आन मग जर्मन सायब काय म्हनला?"

केबिन हसण्यानं भरून गेली. दाराशी एकानं दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. मच्छिंद्र हसणं थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला की जर्मन साहेबाचं यात काही नाही, हे खरं आहे. त्यावर जास्तच हसू आलं.

"ही नवी तेवढी जमली न्हाई रं," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "पयली झ्याक हुती. हिच्यात मेलेल्या मानसावर खापर फोडतोस तू."

मच्छिंद्रनं खिडकीकडे बघितलं. "म्याडमला इचारा. त्यांनी बघितलंय."

अण्णांनी रुपालीकडे मान वळवली. तिनं एकदा कुलकर्णींकडे पाहिलं. कुलकर्णी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. उमेदवारीच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. त्यांनी तिला गप्प बसायला सांगितलं नव्हतं. तसं त्यांनी कधीच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"मी तेव्हा नव्हते," रुपाली म्हणाली. "मला नाही सांगता येणार."

मच्छिंद्र मग कुलकर्णींकडे वळला. आवाज बारीक झाला होता. त्यानं विचारलं की साहेब, तो जर्मन साहेब कोण होता, त्याचं नाव तरी सांगा, चूक त्याची झाली का तुमची.

कुलकर्णींनी चष्मा काढला. चेहऱ्यावर अवघडलेलं हसू होतं. "अरे मच्छिंद्र," ते म्हणाले, "गंमत होती रे ती. तुला ठाऊक असणार, असंच आम्ही सगळे धरून होतो. इतकी वर्षं तू सांगतोयस म्हणजे तूही मजा घेतोयस, असंच वाटायचं."

या वेळी कुणी हसलं नाही. एक-दोघांनी खाली बघितलं. पण तेवढंच. अण्णांनी घड्याळ बघितलं. दगडाची नावं कोरायला गेली आहेत, आता त्यात हात घालायला नको, असं ते उठता उठता म्हणाले. दारातून जाताना मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तू कलाकार मानूस हायेस, कार्यक्रमाला जुनीच गोष्ट सांग, पावने खूश होतील, शाल-नारळ देऊ.

रुपाली नंतर त्याच्या बाकापाशी आली. काका, असं म्हणून थांबली. त्यानं वर बघितलं नाही. पान्हा हातात घेतला आणि आधीच घट्ट असलेला नट घट्ट करत राहिला. थोडा वेळ उभी राहून ती गेली.

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या होत्या. साळूबाई शेंगा फोडत होती, दगडाबाई टरफलं एका बाजूला लोटत होती. सायकल ऐकू आल्यावर दगडाबाईनंच आधी विचारलं, "आलं का रं नाव? माझ्या मालकाच्या शेजारी बसवाया सांग. दोघं एका जागीच ऱ्हातील."

साळूबाई हसली. तिला ते आवडलं होतं.

मच्छिंद्रनं सायकल भिंतीला लावली. न्हाई आलं, म्हणाला. येणार न्हाई.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं विचारलं की मोठ्या साहेबाला सांगितलंस का, जगात काटा तुझ्या बापामुळंच थांबतो म्हणून. तो म्हणाला की तसं काही नव्हतंच, ती गंमत होती. आईला ते कळलं नाही. कोणाची गंमत, तिनं विचारलं. त्यानं सायकलला कुलूप लावलं. तिनं पुन्हा विचारलं, मग ते कशानं गेले?

इथं त्याला थांबता आलं असतं. दिवसभर कुणी त्याचं ऐकलं नव्हतं. समोर दोन बायका होत्या आणि त्याचा शब्द खरा धरायची त्यांना सवय होती. तो दगडाबाईकडे बघून बोलला.

"मावशे, काटा खिळीवर व्हता. तुमच्या मालकाला ते कळाया पायजे हुतं. पंप बंद करायचा सोडून त्यांनी चालू ठिवला. माझ्या बापाला त्यांनी मारलं."

डायल नाही, साल नाही, रेघ नाही, काहीच समजावून सांगावं लागलं नाही. केबिनमध्ये इतक्या शिकलेल्या लोकांना जे पटलं नव्हतं ते ओट्यावर एका दमात पटलं.

लोटलेली टरफलं दगडाबाईनं मांडीवरून झटकली. साळूबाईनं हातातली शेंग सुपात टाकली आणि सूप आपल्याकडे ओढून घेतलं. थोड्या वेळानं दगडाबाई उठली. पहिल्या पायरीशी येऊन तिनं सवयीनं हात मागे केला. हात तसाच काही वेळ हवेत राहिला. साळूबाई शेंगा फोडत होती. मच्छिंद्र दोन पावलांवर उभा होता.

मग दगडाबाई खाली बसली आणि एकेक पायरी बसत बसत उतरली.